अर्ध्या तासाची काळजी

पाच तास काम झालं की ड्रायव्हरने निदान अर्धा तास विश्रांती घ्यावी, असं सरकारने कायद्यात लिहून ठेवलंय. हे कोणी पाळेल असं लिहिणाऱ्यालाही वाटलं नसणार. पण पृथ्वीच्या पाठीवर एका माणसाने ते पाळलं, आणि दहा टायरची गाडी, गाडीतला माल, फोनवरचा मालक आणि मागे वाजणारे हॉर्न या सगळ्यांना पाळायला लावलं. तो माणूस म्हणजे दुसरबीडचे आमचे उस्ताद. मी त्यांच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर होतो. सातवीत शाळा सोडलेला, चंदगडच्या डोंगरातून पोटासाठी इतक्या लांब आलेला, भाताऐवजी भाकरी आणि ‘मला’ऐवजी ‘मले’ गिळायला शिकत असलेला. त्यामुळे ते मला शेवटपर्यंत पाव्हणाच म्हणाले.

मेहकरला कधीतरी ड्रायव्हर लोकांसाठी डोळे तपासणीचं शिबिर झालं होतं. तिथे कोणी एक साहेब बराच वेळ बोलले. बाकीच्यांच्या लक्षात तिथले पोहे राहिले आणि उस्तादांच्या लक्षात विश्रांतीचं ते एक वाक्य. डोळ्यांबद्दल साहेब जे काही म्हणाले ते मात्र त्यांनी ऐकलंच नाही. त्या दिवसापासून गाडीत एक लाल गमछा आला. पाच तास भरले की उस्ताद गाडी कडेला घेत, गमछा आरशाला टांगत आणि खाली सतरंजी टाकत. गमछा टांगला की साक्षात मालक आला तरी गाडी हलायची नाही. बरं, तास मोजायचे ते काच पुसायचं फडकं हातात घेतल्यापासून. माल भरायला उशीर होतोय म्हणून आम्ही बाभळीखाली नुसते बसलेले असलो, तरी तो वेळ कामाचाच. मी एकदा भीत भीत शंका काढली, तर म्हणाले, “वाट पाहनं हे बी कामच होय. तुले काय वाटते, मी इथं मजेनं बसलो?”

दोन ड्रायव्हर आहेत तर एकाने चालवावं, एकाने झोपावं, असं मालकाचं म्हणणं. आमचे मालक तसे वाईट नव्हते, पण चार गाड्या आणि दोन फोन असलेला माणूस जितका चिडचिडा असायचा तितके होते. उस्तादांना ते पटायचं नाही. चालत्या गाडीत पाठ टेकते, झोप लागत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि त्याला पुरावा त्यांचा स्वतःचा उजवा पाय. बाजूच्या सीटवर ते घोरत असले तरी पुढे म्हैस आली की तो पाय आपोआप ब्रेक दाबायचा. तिथे ब्रेक नसायचा, माझा जेवणाचा डबा असायचा. तीन डबे चेपले.

कायदा त्यांनी घरालाही लावला, म्हणजे खरं तर तो काकूंनी लावला. सुट्टीवर असताना एका दुपारी मी त्यांच्या घरी होतो, तेव्हा उस्तादांनी चहा मागितला. काकू पहाटेपासून कामात. त्यांनी तवा उतरवला, नवऱ्याचाच लाल गमछा स्वयंपाकघराच्या दाराला टांगला आणि आत जाऊन आडव्या झाल्या. दुसरा कोणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. उस्ताद बराच वेळ गमछ्याकडे बघत बसले आणि मला म्हणाले, “बराबर हाये तिचं.” मग त्यांनी स्वतः चहा ठेवला. साखर विसरले, पण काकूंची झोप मोडू नये म्हणून डबा शोधला नाही. आम्ही दोघांनी तो चहा तसाच, आवाज न करता प्यायला.

माझी अडचण वेगळी होती. मला विश्रांती मिळायची, झोप यायची नाही. सतरंजीवर पडलो की आईचा गुडघा आठवायचा, मग घराची उडालेली कौलं, मग मालक. आपल्याला दुसरीकडे कोण ठेवणार, हे सगळ्यात शेवटी यायचं आणि जायचं नाव घ्यायचं नाही. माझी ही वळवळ उस्तादांनी काही दिवस पाहिली आणि मग तोडगा काढला. “काय काय हाये ते सांग,” ते म्हणाले. “अर्धा तास तुही काळजी मी करतो. तू झोप.” मला वाटलं थट्टा चाललीय. पण मी सांगितल्यावर ते खरोखर टूलबॉक्सवर बसले, कपाळाला आठ्या घातल्या आणि काळजी करायला लागले. मला झोप लागली. उठलो तर रीतसर हिशेब मिळाला: “मायच्या गुडघ्याची केली. कौलायची बी केली. मालकाची राह्यली, टाइम संपला.”

त्यानंतर ते माझं रोजचंच झालं. मी काळज्या सोपवायचो आणि मेल्यासारखा झोपायचो. असं सुख मला आईनंतर कोणी दिलं नव्हतं.

मग तो टरबुजांचा दिवस आला. दोन माणसं लावूनही गाडी वेळेवर पोचत नाही म्हणून मालकांनी मला आदल्याच दिवशी बजावलं होतं, की उद्या मी स्वतः बसतो गाडीत. माल संध्याकाळच्या आत अकोल्याला उतरला नाही, तर दुसऱ्या ड्रायव्हरची मला गरज नाही. दुसरा ड्रायव्हर म्हणजे मी. बीबी गावाजवळच्या शेतातून टरबुजं भरायला पहाटे गेलो. मजूर उशिरा आले, वेलीवरची टरबुजं वेचता वेचता ऊन चढलं. मालक बांधावर येरझाऱ्या घालत दोन्ही कानांना दोन फोन लावून बोलत होते. शेवटी गाडी निघाली आणि मेहकर यायच्या आतच उस्तादांनी ती एका कडुनिंबाखाली घेतली. पाच तास भरले होते. आरशावर गमछा लागला.

मालक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उस्तादांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि दुसरी सतरंजी अंथरून त्यांना म्हणाले, “तुमचे बी पाच तास झाले, मालक.” मोबाइलला तिथे रेंज नव्हती. भांडायला समोरचा माणूस तयार नव्हता. मालक आधी उभे राहिले, मग टेकले, मग टेकल्याचे लवंडले, आणि बघता बघता असे घोरायला लागले की निंबावरचे कावळे उठून गेले.

अर्धा तास झाला. उस्तादांनी गमछा काढला, पण मालकांना उठवलं नाही. मी मालकांच्या खांद्याला हात घालणार, तेवढ्यात उस्तादांनी मला बाजूला ओढलं.

“तू उठवशीन त झोपमोड झालेला मालक भेटन,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्याचा तो उठला त आराम झालेला भेटन. तुले कोनता पायजे?”

उस्ताद टूलबॉक्सवर बसले आणि त्यांनी आठ्या घातल्या.

मालक उठले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. गालावर सतरंजीचे वळ उठले होते. ते लहान मुलासारखे इकडे तिकडे बघत राहिले. मग उस्तादांकडे पाहून म्हणाले, “तू असा काऊन बसला बे?”

“याच्या नोकरीची काळजी करून राह्यलो,” उस्ताद म्हणाले. “आधी याच्याकडून केली, आता तुमच्याकडून करून राह्यलो.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टरबुजांकडे. मग ते तोंडावर पाणी मारून आले आणि पुसता पुसता म्हणाले, “मंग माही बी करत जाय कधी कधी.” एवढंच. अकोल्याला पोचलो तर व्यापारी घरी निघून गेलेला. फोनवर तो कडकडला तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, “माहे ड्रायव्हर नोहते झोपले भाऊ, मीच झोपलो होतो.” मी आजही त्यांच्याच गाडीवर आहे.

उस्ताद मात्र नाहीत. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्यांना फुटून पसरल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच चावी माझ्या हातात ठेवली. आता ते दुसरबीडला घरी असतात. गमछा माझ्याकडे आहे. तो टांगला की मी त्यांना फोन करतो, काळज्या सांगतो आणि झोपतो. त्यांना स्वतःला मात्र दुपारी डोळा लागत नाही. मी विचारलं तर म्हणाले, “कामच नाई त आराम कायचा, पाव्हण्या?”

परवा सिंदखेडराजाच्या अलीकडे गाडी लावली आणि फोन केला. मी आईच्या गुडघ्याला हात घालतोय तोच त्यांनी मला थांबवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. काकूंना सांगायची सोय नव्हती, त्या आधीच घाबरलेल्या. मग म्हणाले, “आज तू माही करतं का? अर्धा तास. मी पडतो जरासा.”

मी हो म्हटलं. टूलबॉक्सवर बसलो, कपाळाला आठ्या घातल्या आणि सुरुवात केली. आधी उजव्या डोळ्याची केली, मग डाव्याची. मग काकूंची. नवा जोडीदार धाड गावचा आहे, मोठा घाईचा. अर्धा तास उलटून गेला तसा तो हॉर्न वाजवायला लागला. मी त्याला हातानेच थांब म्हटलं. माझं काम अजून व्हायचं होतं.