रूथच्या पणजोबांचा धंदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोरचा ओळखत नाही तोवरच मला बोलता येतं — हीही त्यातलीच गोष्ट.

मी ओहायोतल्या डब्लिनला राहतो. आयटीतली नोकरी. त्याआधी कंपनीनं काही वर्षं जर्मनीत ठेवलं होतं. तिथं भाषा शिकलो, आणि घरमालकिणीच्या नादानं जुन्या चर्चच्या वह्यांतलं हस्ताक्षरही वाचायला लागलो. फार किचकट काम. दोन अक्षरं जुळ्या भावांसारखी सारखी दिसतात, आणि पाद्र्याचा हात थकला की ओळीच्या ओळी नुसत्या लाटा. इथं लायब्ररीत घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांचा एक ग्रुप भेटला. गोरी, वयस्कर माणसं पूर्वजांचे जर्मन, डच कागद घेऊन माझ्यासमोर बसायची. मला ते आवडायचं — फार आवडायचं. सगळ्यांची घराणी माझ्या तोंडून बाहेर पडत होती, आणि माझं घराणं कुणी विचारत नव्हतं.

रूथ आमच्याच रस्त्यावर राहते. रिटायर्ड शिक्षिका, ऐंशीच्या पुढची. तिला एकच गोष्ट हवी होती. तिचे पणजोबा जर्मनीतलं गाव सोडून हॉलंडमार्गे इथं आले, आणि त्या गावाबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. का? एवढंच तिला कळायला हवं होतं.

बोटीत चढण्याआधीची डच नोंद सोपी होती. धंदा : शेतकरी. त्यांनी स्वतः सांगितलेला. मग मी गावातल्या चर्चची जर्मन नोंद उघडली. त्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची. तिथं धंदा वेगळा होता — आप्डेकर. कोकणातलं आडनाव वाटावं असा शब्द. अर्थ : मेलेली जनावरं ओढून नेणारा, कातडी सोलणारा. खाली पाद्र्यानं लिहिलं होतं की बाळाचा धर्मपिता व्हायला गावातलं कुणीही तयार झालं नाही.

रूथला हवं होतं ते उत्तर माझ्यासमोर होतं. मला तर ते समजायला शब्दकोशही लागला नसता. माझे आजोबा वर्ध्याकडच्या एका गावात हेच काम करायचे. धम्म स्वीकारला त्या दिवशी त्यांनी सुरी विहिरीत टाकली. बाबा ही गोष्ट छाती पुढे काढून सांगायचे. मी सांगत नव्हतो. कधीच नाही.

आणि त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर अनघाताई होत्या. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्यावर लेख लिहायला आल्या होत्या. गणपतीत त्यांनी मला एकदा विचारलं होतं, "तुमचं मूळ आडनाव काय हो?" मी हसून विषय बदलला होता.

"काय लिहिलंय हो?" त्यांनी स्क्रीनकडं वाकून विचारलं.

मी तो शब्द उच्चारला असता, तर अर्थ सांगावा लागला असता. अर्थ सांगितला असता, तर त्या म्हणाल्या असत्या, "म्हणजे आपल्याकडचे—" आणि माझ्याकडं पाहिलं असतं. कदाचित पाहिलंही नसतं. कुणास ठाऊक? मी म्हणालो, "शेतकरी. इथंही शेतकरीच." आणि ती खालची ओळ? ती मी वाचलीच नाही.

समोर बसलेल्या रूथलाही मी इंग्रजीत तेच सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी काहीतरी लपवलं असणार असं मला आयुष्यभर वाटत होतं. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर.

इथवर तुम्ही मला घाबरट म्हणाल. पण पुढचं ऐका.

त्या उन्हाळ्यात बाबा इथं आले होते. हे ओझं एकट्यानं वाहवेना, म्हणून नोंदीत काय लिहिलंय ते मी त्यांना खरं सांगितलं. रूथला काय सांगितलं, ते सांगितलं नाही. बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे ते आपलेच की रे! मला भेटव त्या बाईला."

रूथच्या मागच्या डेकवर आम्ही तिघं बसलो. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते खुर्चीत सरसावून बसले आणि रूथच्या डोळ्यांत पाहून हळूहळू, शब्द तोलून बोलले, "बाई, तुमच्या पणजोबांना माझा जयभीम. माझा बापही तेच काम करायचा. त्यानंही सोडलं. आपण दोघं एकाच घरचे."

मग ते माझ्याकडं वळले. "सांग तिला."

मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं की, बाबा म्हणतायत त्यांचे वडीलही शेतकरी होते.

रूथनं पुढं होऊन बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही. मी मध्ये बसलो होतो.

घरी येताना बाबा म्हणाले, "पाहिलंस? समजून हात धरला तिनं. इतकी वर्षं तिकडं कुणी धरला नाही."

रूथनं पुढं घराण्याची पुस्तिका छापली, नातवंडांना वाटली. पहिल्या पानावर शेतकरी आहे, आणि खाली माझे आभार. ती अजूनही मला बघून हात हलवते. मीही हलवतो.

बाबा दोन वर्षांनी गेले. विहारातल्या शोकसभेत त्यांचे एक मित्र उठले आणि बोलले — आपल्या या माणसानं अमेरिकेत जाऊन एका गोऱ्या बाईला आपलं सगळं सांगितलं, कुठंही मान खाली घातली नाही, आणि तिनं ऐकून त्याचे हात हातात घेतले. त्याचा मुलगा साक्षीला होता, ते म्हणाले.

सगळे माझ्याकडं वळून पाहू लागले. बायाबापड्या डोळे पुसत होत्या.

मी मान हलवली. हो म्हणून.