मागचं सील

चुकणाऱ्या माणसाचा राग येतो आणि दोन दिवसांत उतरतो. कायम बरोबर ठरणाऱ्या माणसाचा राग जन्मभर पुरतो, आणि माझ्या बायकोचे मामा आयुष्यात एकदाही चुकलेले नाहीत. ही तक्रार आहे, कौतुक नव्हे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं गाड्या खोलून-जोडून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा साताऱ्याकडचा माणूस मुलाच्या नोकरीपायी मयूर विहारच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आला, आणि तिथून फरीदाबादेत राहणाऱ्या माझ्यावर दर रविवारी चाल करून येऊ लागला. उंची बेताची, मिशी कातरलेली, आणि शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेली चिंधी. लोक खिशात रुमाल ठेवतात. मामा चिंधी ठेवत, कारण रुमालाला तेल पुसलं की मामी रागावत. मला ते ‘जावईबापू’ म्हणत आणि अहो-जाहो करत. अपमान करायचा असला तरी अहो-जाहोच करत, त्यामुळे उलट बोलायची सोय राहत नसे.

कुठलीही वस्तू दुरुस्त करण्याआधी ती किती उघडायची, हे ठरवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं असावं. एका हिवाळ्यात आमच्या पंख्यातून कटकट आवाज येतो म्हणून बायकोनं नुसतं बोलून दाखवलं, तर मामा स्वेटर, मफलर, कानटोपी अशा थाटात पंख्याखाली खुर्ची टाकून बसले आणि तो पाचावर सोडून सकाळपासून दुपारपर्यंत ऐकत राहिले. माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली, तिचं मराठी तसं कामचलाऊ, ती धावत येऊन म्हणाली, “पप्पा, आजोबा फॅनला घूरतायत!” आम्ही सगळे गारठून गेलो. जेवणाच्या वेळी मामांनी निकाल दिला, “पंख्याला काही झालेलं नाही. छतातला हूक ढिला आहे. पंखा उघडाल तर पंखाही जाईल, जावईबापू.” मी हट्टानं इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं शिडीवर चढून हूक हलवून दाखवला, तेव्हा माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. माझ्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकांच्या तोंडावर हॉलचा चालता जनरेटर बंद केला होता, कारण तो म्हणे खोकत होता. भटजी अंधारात ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते आणि नवऱ्यामुलाचे मामेसासरे हॉलमागे उकिडवे बसून डिझेलची जाळी धूत होते. जेवणं उठेपर्यंत नंतर जनरेटर एकदाही खोकला नाही, हे सांगायलाच हवं. सांगताना आजही दात-ओठ खावेसे वाटतात.

माझा धंदा एका ट्रकचा. फरीदाबादच्या एका कारखान्याचा माल रोज नोएडाला पोचवायचा, त्यावर घर चालतं. अडीच-तीन वर्षांपूर्वी माझ्या ड्रायव्हरनं रेडिएटरचा पाइप फुटलेला असताना गाडी तशीच दामटली आणि इंजिन जाम करून ठेवलं. नव्या इंजिनाची ऐपत नव्हती, म्हणून अपघातात चेपलेल्या एका ट्रकचं जुनं इंजिन घेतलं आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये आणून ठेवलं. आता प्रश्न एवढाच होता, की बसवण्याआधी ते किती उघडायचं. शेजारचा ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, पूर्ण खोला, पिस्टनपासून सगळं नवं घाला. मिस्त्री म्हणाला, “भाईसाहब, चालू इंजन है, सीधा बैठा दो. इंजन को छेड़ोगे तो इंजन तुम्हें छेड़ेगा.” कारखान्याच्या मॅनेजरनं फोनवर बजावलं, “सोमवार सुबह गेट पे गाड़ी नहीं दिखी, तो रूट दूसरे को.” आणि नेमक्या या वेळी मला दुर्बुद्धी सुचली आणि मी मामांना बोलावलं.

पहिल्या दिवशी ते दोन तास उशिरा आले. मेट्रोच्या तपासणीवाल्यानं त्यांच्या पिशवीतला हातभर लांबीचा पाना अडवला होता. “इससे मैंने फौज की गाड़ियाँ खोली हैं,” मामांनी सांगितलं. “इसीलिए अंदर नहीं जाएगा, सर,” तो म्हणाला. मामा पाना घरी ठेवायला परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी फक्त पान्यासाठी तीन बस बदलून आले. बरं, इतका आटापिटा करून आणलेल्या त्या पान्याला त्यांनी दोन दिवस हात लावला नाही. इंजिनासमोर स्टुलावर बसून चहा पीत राहिले. तेलाची पातळी मोजायची पट्टी काढून तिचा वास घेतला. ऑइल फिल्टर कापून आतला घडीघडीचा कागद काढला आणि आमच्या गच्चीवर मुलीच्या शाळेच्या गणवेशाशेजारी चिमटे लावून वाळत घातला. तेलात लोखंडाचा कीस असला तर उन्हात चमकतो म्हणे. गणवेशावर तेल उडालं, बायको माझ्यावर ओरडली, आणि मामा भिंग लावून कागद बघत राहिले.

शुक्रवारी निकाल लागला. “आतलं काही उघडायचं नाही. इंजिन तब्येतीनं चांगलं आहे.” मिस्त्री खूश झाला, मीही सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात मामा म्हणाले, “पण मागचं सील बदलायचं.” क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला, आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून, रबराचं एक कडं असतं, ते हे सील. मिस्त्रीनं बॅटरी मारून ते कोरडं ठणठणीत असल्याचं दाखवलं. मामा म्हणाले, “आज गळत नाही, ते दिसतंय. उद्या गळायला लागलं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. जिथे नंतर हात पोचणार नाही, तिथे आज हात घालायचा. बाकी सोडून द्यायचं.” यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी दात आवळून सील आणलं. मामांनी त्याची कड अंगठ्याच्या नखावर फिरवली आणि परत दिलं. कड मऊ नव्हती. शनिवारी दुसरं आणलं, तेही परत. रविवारी तिसरं. सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर दुसऱ्याची गाडी उभी राहिली, आणि मामा चौथ्या सीलची वाट बघत स्टुलावर चहा पीत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मामा, घरी तुम्हाला कुणी काही विचारत नाही, म्हणून माझ्या इंजिनाला धरून बसला आहात. सील निमित्त आहे!”

मिस्त्रीला मराठी येत नाही, पण तोही जमिनीकडे बघायला लागला. मामांनी खिशातली चिंधी काढली आणि एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, “असेल, जावईबापू. पण सील बसू द्या.”

मंगळवारी त्यांना हवं तसं सील मिळालं. लाकडाचा ठोकळा ठेवून, चहूबाजूंनी सारखं ठोकत त्यांनी ते स्वतः बसवलं. बुधवारी ट्रक सुरू झाला. मामांनी मिनिटभर आवाज ऐकला, पिशवी उचलली आणि चहा न घेता निघून गेले. माझा रूट गेला तो गेलाच. दुसरा मिळवायला दोन महिने लोकांचे उंबरे झिजवावे लागले. त्या काळात मी मामांना मनातल्या मनात काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. मात्र शेडमध्ये मोठ्यानं बोललो ते एकच वाक्य रात्रंदिवस कानात वाजत राहिलं. ते वाक्य खोटं असतं तर बरं झालं असतं. पण मयूर विहारच्या त्या घरात मुलगा-सून सकाळी आठला ऑफिसला निघून जात आणि मामा गॅलरीत बसून खालच्या गाड्यांचे आवाज ऐकत, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जिथे नंतर हात पोचणार नाही अशाच जागी मी नेमका घाव घातला होता.

त्यानंतर ते रविवारचे आले नाहीत. पुढच्या वर्षी मुलाची बदली झाली आणि मामा-मामी गावी परतले. स्टेशनवर बायको गेली. मला काहीतरी काम निघालं. मामांनी तिच्याकडे निरोप ठेवला, “इंजिनानं त्रास दिला तर जावयांना फोन करायला सांग. पहिल्या गाडीनं येईन.”

आणि हे इंजिन त्रासच देत नाही! टायर फुटले, सेल्फ-स्टार्टर गेला, वायपर तर दोनदा चोरीला गेला. इंजिन मात्र ढिम्म. मिस्त्री नवी गिऱ्हाइकं माझ्या ट्रकखाली नेऊन ते कोरडं सील दाखवतो. मी स्वतः कित्येक रविवारी पाठीवर झोपून बॅटरी मारत एखादा थेंब शोधला आहे. बायको म्हणते, “सरळ फोन करून माफी मागा ना, यार.” तिला काय, सांगायला सोपं आहे. काय म्हणून सुरुवात करायची? एक थेंब गळला असता तर काय बिघडलं असतं?

गेल्या महिन्यात न राहवून फोन लावला. मामांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक वाटला. मी घाईघाईनं म्हणालो, “मामा, इंजिनातून तेल गळतंय.”

“कुठून?”

इंजिनाला गळण्याजोग्या जागा पन्नास. पण मला नाव एकाच जागेचं येत होतं. “मागच्या सीलमधून,” मी म्हणालो.

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला. मग मामा म्हणाले, “ते सील माझ्या हातचं आहे, जावईबापू. तिथून गळत नसतं. तुम्ही खोटं बोलताय.”

याही वेळी तेच बरोबर होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला नाही.

“तरी येऊन बघितलेलं बरं,” मामा म्हणाले. “मी येईपर्यंत इंजिनाला कुणाला हात लावू देऊ नका.”