कार्यकारिणीतलं माझं एक मत

मी अकरावीत होते तेव्हा आमच्या मंडळाच्या नियमांत एक कलम वाढलं. कार्यकारिणीत यापुढे एक विद्यार्थी प्रतिनिधी असेल आणि त्याला मतही असेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. अमिरातीतल्या मराठी कुटुंबांचं ते मंडळ, आणि मोठी मुलं कार्यक्रमांना फिरकत नाहीत ही त्याची कायमची तक्रार. "मग त्यांनाच आत घ्या," असं सेक्रेटरी काकूंनी सुचवलं. काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवडणुकीसाठी आम्ही मुलं शारजात, अल मजाजला आमच्याच घरी जमलो. शुक्रवारची, म्हणजे तिथल्या सुट्टीची, सकाळ मीटिंगमध्ये घालवायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी माझी मैत्रीण म्हणाली, "तुझे बाबा कमिटीवर आहेतच. द कार इज गोइंग एनीवे!" अशी मी बिनविरोध निवडून आले.

मीटिंग दुबईत अल क्वोजला भरायची, अध्यक्ष काकांच्या मसाल्याच्या गोदामावरच्या ऑफिसात. खाली मिरची दळलेली असायची, त्यामुळे गंभीर ठराव चालू असतानाही कुणीतरी शिंकायचंच. पहिल्या दोन्ही मीटिंगांत मी एवढंच केलं, की सामोशांची प्लेट फिरवली. "अभ्यास कसा चाललाय?" यापलीकडे मला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या वेळी वार्षिक संमेलनाचा विषय निघाला. नेहमीप्रमाणे फेब्रुवारीची अखेर, असं अध्यक्ष काका म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. "मुलांनी या वेळी तरी नाटक बसवावं," एक काका माझ्याकडे बघत म्हणाले. "आवडच नाही तुम्हाला."

"काका, मार्चमध्ये आमची परीक्षा असते," मी म्हणाले. "फेब्रुवारीत तुम्हीच घरची केबल बंद करता. मग आम्ही नाटक कधी बसवणार?"

 सेक्रेटरी काकू हसायलाच लागल्या. "मी शाळेत शिकवते आणि माझ्याही डोक्यात हे आलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी लगेच नोव्हेंबरचा ठराव मांडला.

विरोध केला तो बाबांनी. हॉलचं काम त्यांच्याकडे होतं. फेब्रुवारीतला तो गुरुवार हॉलचा मॅनेजर वर्षानुवर्षं आमच्यासाठी राखून ठेवायचा. "नोव्हेंबरात सगळ्यांचेच कार्यक्रम असतात," बाबा म्हणाले. "त्यात रमजान दर वर्षी अलीकडे सरकतोय. जागा मिळायची नाही." त्यांचंही चूक नव्हतं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

हात वर करून मतदान झालं. बाबांच्या बाजूला जितके हात, तितकेच काकूंच्या बाजूला. माझा तेवढा राहिला होता. "बेटा, यल्ला, चल लवकर, तुझं काय?" अध्यक्ष काकांनी विचारलं. मी बाबांकडे न बघता ठरावाच्या बाजूने हात वर केला.

शारजाला परतताना मी पुढे न बसता मागच्या सीटवर बसले. घराजवळच्या कॅफेटेरियासमोर बाबांनी गाडी थांबवून हॉर्न वाजवला. चहाचे कप खिडकीतून आत आले.

"सॉरी, बाबा."

"सॉरी कशाला? मत तुझं होतं, तू दिलंस." त्यांनी चहा फुंकला. "फक्त हे आधी घरी बोलली असतीस, तर मी हॉलवाल्याला आधीच फोन केला असता. आता तो मला ऐकवणार."

हॉलवाल्याने ऐकवलंच. नंतरचे कितीतरी दिवस तो फोनवर नुसतं "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करत होता. शेवटी बाबा स्वतः जाऊन त्याच्यासमोर बसले आणि नोव्हेंबरातली एक तारीख घेऊनच उठले. घरी येऊन "खलास, झालं काम, हॉल मिळाला!" असं ते इतक्या जोरात म्हणाले, की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

आमचं नाटक साधंच होतं. आई-वडील मराठीत विचारतात, मुलं इंग्रजीत उत्तरं देतात. आई काहीही विकत घेताना दिरहमचे रुपये करून बघते आणि वस्तू परत ठेवते. आमची मराठी अडखळत होती, 'ळ' तर कुणालाच नीट जमला नाही. पण लोक हसून हसून बेजार झाले. बाबा दाराशी उभे राहून लोकांना जागा दाखवत होते. मध्येच त्यांनी तेही सोडलं आणि भिंतीला टेकून शेवटपर्यंत नाटक पाहिलं.

बारावीनंतर मी कॉलेजसाठी पुण्याला आले. माझ्या जागी अबू धाबीचा एक मुलगा निवडून आला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने विद्यार्थ्यांना एक नाही, दोन जागा हव्यात अशी मागणी केली, हे मला बाबांनी फोनवर सांगितलं.

"मग? मिळाल्या?"

"मिळाल्या की," बाबा म्हणाले. "अनुमोदन मीच दिलं."