न गळणारी ओंजळ

चैत्रातली सकाळ होती, करंजाला कोवळी पालवी फुटलेली. नदीकाठी एक आजोबा मुलं-सुना-नातवंडांना घेऊन आले होते. डबे उघडण्याआधी ते पाण्यात उतरले आणि सहा-सात वर्षांच्या नातीला ओंजळीनं पाणी प्यायला शिकवू लागले.

"बोटं घट्ट धर. तुझ्या बापाची ओंजळ अजून गळते."

टक्कल पडू लागलेला बाप हसला आणि तोही शेजारी वाकला.

मी वरच्या वळणावरून येत होतो. तिथे कारखान्याचा पाइप झुडपात दडवलाय आणि त्याखाली मासे मरून तरंगताहेत. पत्रकांत हे मी कितीदा संतापून लिहिलंय. आज मात्र धावतच त्यांच्यापाशी आलो.

"आजोबा, पिऊ देऊ नका तिला. वरून विष सोडतात."

"याच पाण्यावर वाढलीत माझी पोरं," ते तडकून म्हणाले. पण त्यांची ओंजळ हळूहळू उघडली.

आजानं मायेनं पाजलेल्या घोटाचीही भीती वाटावी, ही पाळी आणली कुणी?

नात भरली ओंजळ धरून तशीच उभी होती. थेंबही गळत नव्हता.

"मग हे कुठे टाकू?" तिनं मला विचारलं.

नदीत टाक, असं सांगायला माझी जीभ रेटेना.