गादीवरची मांडी आणि खुब्याची उखळ

"हर्निया नाही, तुमचा खुबा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी शर्टाखालचा हर्नियाचा पट्टा हळूच सोडवायला लागलो.

मी मूळचा निपाणीचा, बंगळूरच्या चिकपेटात साड्यांच्या दुकानात विक्रेता. आमच्याकडे काउंटर नसतो. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं आणि गिऱ्हाइकासमोर साडी उलगडायची. उठताना उजव्या जांघेत कळ यायची, आत कट्कन वाजायचं. गठ्ठे उचलणाऱ्याची जांघ दुखली की हर्नियाच, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. मी कुणालाही विचारलं, फक्त डॉक्टरला सोडून. तुम्ही असं करू नका. जांघेतलं दुखणं खुब्याचंही असतं.

एमआरआयमध्ये 'लॅब्रल टेअर' निघाला. खुबा म्हणजे उखळीत फिरणारा गोळा. उखळीच्या काठाला नळाच्या वायसरसारखी मऊ कड असते, ती माझी फाटली होती. आतल्या कार्टिलेजचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराचा, तुकडाही सुटला होता. गोळ्यावर हाडाचा उंचवटा होता आणि मांडी घातली की तो कडेवर घासायचा.

"कसं बसता ते दाखवा," मॅडम म्हणाल्या. मी तपासणीच्या टेबलाकडे बघून म्हटलं, इथे नाही जमणार, गादी लागते. बाहेर पेशंटांची ही गर्दी. तरी त्यांनी खाली चादर अंथरायला लावली आणि स्वतः माझ्यासमोर बसल्या. साडी फेकताना मी उजवीकडे कसा वाकतो, ते दोनदा करायला लावलं. एवढी मोठी सर्जन बाई, पण माझ्या कामाचा अपमान न करता बघत होती. मी तिथेच त्यांचा झालो.

मला एकच विचारायचं होतं. गादीवर परत बसता येईल का? दुसरं काम मला येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "कड शिवते, उंचवटा घासून काढते. अस्तर गेलंय तिथे हाडाला बारीक भोकं पाडते, त्यातून नवं अस्तर धरतं. चालणं सुधारेल. पण दिवसभराची मांडी परत देईन, असं खोटं सांगणार नाही."

राग आला. पण गोड बोलून फसवणारे मी रोज बाजारात बघतो, म्हणून विश्वासही तिथेच बसला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पाय ताणून सांधा जरासा उघडतात आणि बारीक छिद्रांतून काम करतात. शुद्धीवर आलो तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, दुखतंय का?" मी विचारलं, "शिवलं का?" नंतर मॅडमनी आतले फोटो दाखवले. जन्मभर फॉल-पिको बघत आलोय, पण इतका नेटका टाका बघितला नव्हता.

पुढचे दीड-दोन महिने कुबड्या. त्या पायावर भार टाकायचा नाही, हे सगळ्यात जड. जे. पी. नगरातल्या फिजिओथेरपीच्या अक्का व्यायाम करून घ्यायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "निधान, अण्णा, स्वल्प निधान." हळू, जरा हळू. मी रोज चिडायचो, त्या एकदाही चिडल्या नाहीत. अशा माणसांच्या हातात पाय पडला हे माझं नशीब.

शेवटी मॅडमनी निकाल दिला. मांडी थोडाच वेळ, एरवी उंच बसून पाय खाली. मालकांनी गादीशेजारी खुर्चीच्या उंचीचा लाकडी ओटा करून त्यावर पांढरी चादर घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे गादीवर, आणि मी पाहुण्यासारखा ओट्यावर.

पहिल्याच दिवशी होसकोट्याच्या एक आजी आल्या. जुनं गिऱ्हाईक. गुडघे वळत नाहीत म्हणून त्या नेहमी दाराशी स्टुलावर बसायच्या आणि आम्ही गादीवरूनच साडी वर धरून दाखवायचो. त्यांनी ओटा बघितला आणि सरळ येऊन त्यावर माझ्यासमोर बसल्या. मी पदर उलगडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी काठावरून बोट फिरवलं.

"इतकी वर्षं तुमच्याकडे येते," त्या म्हणाल्या, "साडीला हात आज लागला."

मी पोऱ्याला आणखी साड्या काढायला सांगितल्या. त्या दिवशी गादीची आठवण झाली ती थेट दुकान बंद करताना.