गोधडीच्या कोपऱ्यातली गाठ

सिहोऱ्याच्या आठवडी बाजारात धुरपता वलथरे सव्वीस वर्षं मासोळी विकते आहे. तिच्या टोपल्यात दोन ढीग असतात. गिऱ्हाईक वाकून पाहू लागलं की ती एका ढिगावर हात ठेवते आणि म्हणते, "हे कालची होय. पाहून घ्या." गिऱ्हाईक बहुतेक वेळा आजचीच घेतं. कालची मासोळी शेवटी स्वस्तात जाते, कधी घरी परत येते. शेजारच्या बायका तिला हसतात. "धुरपताबाई, तुमी मासोळी विकून राहिल्या का साक्ष देऊन राहिल्या?" असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. ते तिनं मनावर घेतलं नाही. बाजारात तिच्या शब्दावर कुणी मासोळीचे कल्ले उघडून पाहत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि त्याचा तिला अभिमान होता.

होता असं म्हणायचं कारण एक चाकू आहे. मिटवून कनवटीला लावता येईल एवढा, लाकडी मुठीचा, पात्याला धार लावून लावून अर्धा झिजलेला. धुरपताचा नवरा यादोराव चांदपूरच्या तलावावर मासेमारी करतो. जाळं दुरुस्त करताना धागा कापायला हा चाकू त्याच्याकडे असे. घरात बाळंतपण आलं की चाकू बाळंतिणीच्या उशाखाली जाई. बाळाजवळ लोखंड असावं, ही इकडची जुनी रीत. धुरपताचं पहिलं मूल सातव्या दिवशी गेलं. दवाखान्यातल्या नर्सनं उशाखालचा चाकू काढून टेबलावर ठेवला होता. त्या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावला नाही. धुरपतानं लावला, आणि तो कुणाला सांगितला नाही. त्यानंतरची दोन मुलं, मिथुन आणि रुचिका, चाकूजवळ वाढली.

रुचिका हैदराबादला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिचा नवरा धर्मेंद्र तिथंच औषधाच्या गोदामात कामाला. तोही भंडारा जिल्ह्यातलाच, सानगडीचा. जात एकच, पण सानगडीच्या घरातलं जाळं दोन पिढ्यांपूर्वी सुटलं, आता धानाची शेती आहे. पहिलं बाळंतपण म्हणून रुचिका माहेरी आली आणि मुलगी झाली. मुलीचं नाव मोना. बारशाला धर्मेंद्रची आई सत्यवतीबाई सानगडीहून आल्या, त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी आणली. मोना तीन महिन्यांची झाल्यावर रुचिकाला कामावर रुजू व्हायचं होतं. बाळ सांभाळायला धुरपतानं सोबत जायचं आणि वर्षाच्या आत परतायचं, असं ठरलं. लहान बाळ म्हणून धर्मेंद्रनं नागपूरहून विमानाची तिकिटं काढली.

निघण्याच्या आदल्या दिवशी रुचिकानं आईला नियम सांगितले. चाकू, कैची, लायटर हातातल्या पिशवीत चालत नाही. चाकू मोठ्या बॅगेत चालतो, ती बॅग विमानाच्या पोटात जाते.

"माही पावशी?" धुरपतानं विचारलं. ही विळी नेली नाही तर हैदराबादला भाजी आणि मासोळी कशावर चिरायची, हा तिचा प्रश्न होता.

"पावशी मोठ्या बॅगेत टाक. कापडात गुंडाळून."

धुरपतानं पावशी कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकली. म्हणजे नियम तिला कळला नव्हता असं नाही. पण बाळाचं लोखंड बाळाजवळ हवं. ते विमानाच्या पोटात आणि बाळ वर, याला तिच्या लेखी काही अर्थ नव्हता. रुचिका आंघोळीला गेली तेव्हा तिनं गोधडीच्या एका कोपऱ्याची शिवण उसवली, चाकू चिंधीत गुंडाळून आत सारला, यादोरावच्या निळ्या नायलॉन धाग्यानं आतल्या थराला बांधला आणि वरून टाके घातले. मग तीच गोधडी मोनाभोवती गुंडाळली.

मिथुननं मित्राच्या गाडीनं त्यांना विमानतळावर सोडलं आणि तो लगेच परत फिरला. मोठी बॅग काउंटरवर गेली. तपासणीच्या रांगेत बाळाला हातात घ्यायला आणि गोधडी ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. ट्रे यंत्रात गेला आणि आतच थांबला. पट्टा मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला.

सुरक्षा जवान पन्नाशीचा होता. त्यानं गोधडी टेबलावर घेतली, कोपरा चाचपला. "इसमें चाकू है। किसका है?"

"आमचा नाही साहेब," धुरपता म्हणाली.

"चादर आपकी है ना?"

मागं माणसं उभी होती. मोना रडायला लागली होती. "गोधडी इच्या सासूनं देल्ली," धुरपता म्हणाली.

गोधडी सत्यवतीबाईंनीच दिली होती. वाक्य खोटं नव्हतं, आणि त्यातच त्याची सोय होती.

जवानानं रुचिकाकडं पाहिलं. रुचिकानं बाळ आईच्या हातात दिलं आणि कोपऱ्याचे टाके ओढून काढले. चिंधी निघाली, निळा धागा निघाला. जवानानं गाठ ओढून पाहिली, ती आणखी घट्ट झाली. तो कैची मागवणार, तेवढ्यात रुचिकानं दोन बोटांनी गाठ उलटी रेटली. ती सुटली. चाकू टेबलावर पडला.

रांगेतला एक माणूस सोबतच्या बाईला म्हणाला, "बच्चे के कपड़े में चाकू!" ती बाई पुढं वाकून पाहू लागली. रुचिकाची दुसरी पिशवी उघडली गेली. लंगोट, दुधाची बाटली, तिचे स्वतःचे कपडे, सगळं एकेक करून टेबलावर आलं. तपासणाऱ्या मुलीनं ते नीट ठेवलं, पण ते सगळ्यांसमोर होतं. रुचिकाची मान खाली होती. ती सांगत होती, "हमारे यहाँ रिवाज है, बच्चे के पास लोहा रखते हैं।" रिवाज कुणाचा, कुणी ठेवला, हे ती बोलली नाही.

जवानानं ऐकून घेतलं. बाहेर कुणी असेल तर त्याच्याकडे द्या, म्हणाला. मिथुन परतीच्या वाटेवर मौद्याच्या पुढं गेला होता. विमानाला वेळ नव्हता. चाकू ठेवून जावं लागेल, असं त्यानं सांगितलं, वहीत लिहून घेतलं, आणि जाता जाता धुरपताकडं वळून म्हणाला, "माताजी, अगली बार बड़े बैग में रखिए।"

त्यानं 'माताजी' म्हटलं होतं. 'सासूजी को बोलिए' म्हटलं नव्हतं. हे धुरपताच्या लक्षात आलं.

विमानात रुचिका खिडकीकडे तोंड करून बाळाला पाजत बसली. धुरपतानं एकदा "पोरी" म्हटलं. रुचिकानं "काय?" विचारलं. धुरपतानं पट्टा कसा सोडायचा ते विचारलं.

हैदराबादला धर्मेंद्र घ्यायला आला. नागपूरहून फोनवर एवढं घाबरून काय बोलत होतीस, असं त्यानं बायकोला विचारलं. रुचिका म्हणाली, "घरी जाऊन सांगते." मागच्या सीटवरून धुरपता बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "जावईबापू, तुमच्या मायनं गोधडीत चाकू शिवून देल्ला होता. पोलिसानं धरलं आमाले." या वेळी वाक्य पूर्ण खोटं होतं. धर्मेंद्र आधी हसला. मग बायकोची पिशवी सगळ्यांसमोर रिकामी केली हे कळल्यावर हसायचा थांबला. रुचिका रस्त्याकडे पाहत राहिली.

त्या संध्याकाळी रुचिकानं घरातलं एक जुनं लोखंडी कुलूप शोधलं, पुसलं आणि मोनाच्या गादीखाली सरकवलं. धुरपता पाहत होती.

रविवारी सकाळी धर्मेंद्रनं सानगडीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"आई, काहून ठेवला तू चाकू? पोरीले तिथंच बसवून ठेवलं असतं तं?"

"कोनता चाकू रे?"

"गोधडीतला."

"मी कायले चाकू ठेवू बाबू? मी तं गोधडी धुऊन, घडी करून देल्ली."

"मंग का त्याले पाय फुटले?"

पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. मग सत्यवतीबाई म्हणाल्या, "बरं. पोरगी चांगली आहे ना? झालं मंग." फोन ठेवल्यावर धर्मेंद्र म्हणाला, "कबूल बी करत नाही." धुरपता पावशीवर वांगी चिरत होती. तिनं चिरणं थांबवलं नाही.

मोनाच्या उष्टावणाला सत्यवतीबाईंनी विमानानं यायचं, असं आधी ठरलं होतं. त्यांनी विमान फक्त वरून जाताना पाहिलं होतं. आता धर्मेंद्र म्हणू लागला, तिला विमानात बसवायचं म्हणजे धाकच. पुन्हा काहीतरी बांधून आणेल. उष्टावण आपण इथंच छोटं करू, आई दिवाळीत भेटेल. सत्यवतीबाईंना फोनवर तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जसं तुमाले जमन तसं." नंतरही दर आठवड्याला त्यांचा फोन येई. विहिणीशी बोलताना त्या मोनाचं वजन विचारत, दात विचारत, चाकूचा विषय कधी काढत नसत. धुरपताला तेच सोसेना. त्या भांडल्या असत्या तर तिलाही भांडता आलं असतं.

असे तीन महिने गेले. तोवर मोना आजीचा हात ओळखू लागली होती. आपण कबूल केलं तर जावई आपल्याला पहिल्या गाडीनं सिहोऱ्याला पाठवील, पोर परक्या बाईकडे जाईल, असा हिशेब धुरपतानं मनाशी मांडला होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून ती त्याच्या आड बसली होती.

उष्टावणाला आठ दिवस राहिले. रुचिका ड्युटीचे कपडे इस्त्री करत होती. धुरपता दारात उभी राहिली.

"पोरी, तो चाकू."

"कोनता?" रुचिकानं वर पाहिलं नाही.

"मी ठेवला होता."

"गाठ मीच सोडली ना, आई."

धुरपताला आधी कळलं नाही. रुचिकानं इस्त्री उभी केली. "बाबाची जाळ्याची गाठ होय ते. ओढली का आवळते. सानगडीच्या घरी कोनाले येते जाळ्याची गाठ? त्या साहेबासमोरच मले समजलं."

"मंग इतके दिवस बोलली काहून नाही?"

"तू बोलशील म्हनून."

धुरपता खाली बसली. रुचिकानं एक बाही इस्त्री केली, मग दुसरी. "मले विचारलं असतं तं मी कुलूप देल्लं असतं. कुलूप बी लोखंडच होय. कुलपाले विमानात कोनी अडवत नाही." कपडा उलटून ती म्हणाली, "त्या बाईले मी तोंड कसं दाखवू, हे तू कधी पाह्यलं का? नवऱ्यासमोर मी बी चुप बसली. तुह्यासाठी."

धुरपतानं सोपं आधी केलं. सत्यवतीबाईंना फोन लावून द्यायला तिनं मुलीला सांगितलं.

"इहीनबाई, चाकू माहा होता. मीच शिवला. नाव तुमचं घेतलं."

सत्यवतीबाई म्हणाल्या, "मले कायले सांगता? मी ठेवला नाही हे मले पहिल्या दिवसापासून मालूम आहे. ज्याले सांगाचं त्याले सांगा."

धर्मेंद्र सकाळी नाश्त्याला बसला होता. जावयासमोर धुरपता आजवर डोक्यावरचा पदर सावरूनच आली होती. आजही सावरला. "जावईबापू, तुमच्या मायनं चाकू ठेवला नव्हता. मी ठेवला. विमानतळावर बी खोटं बोलली, तुमच्या गाडीत बी बोलली." तिनं बाजारात सांगावं तसं सांगितलं, आवाज न चढवता. तिचा हात मात्र टेबलावर, जणू ढिगावर, दाबून ठेवलेला होता.

धर्मेंद्रनं पोह्याची प्लेट बाजूला सारली. रुचिकाकडं पाहिलं, आणि तिलाही माहीत होतं हे त्याला तिच्या तोंडावरून कळलं. "मी आईले खोटारडी म्हनलं," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. डबा न घेता तो कामावर गेला. दुपारी त्यानं आईचं विमानाचं तिकीट काढल्याचा निरोप रुचिकाला आला. सासूबद्दल त्यात काही नव्हतं. त्यानं धुरपताला घालवलं नाही. पण त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, आणि बोलू लागला तेव्हा 'तुम्ही' जरा जास्त जपून म्हणू लागला.

सत्यवतीबाई विमानानं आल्या. उष्टावणाला शेजारपाजारची माणसं जमली. मोनाच्या तोंडाला खिरीचं बोट लावून झालं. मग सत्यवतीबाईंनी आपली पिशवी सगळ्यांच्या मधोमध आणून उघडी केली. आत मोनासाठी झबली होती, तांदळाच्या पापड्या होत्या. "पाहून घ्या बाई सारं," त्या हसत म्हणाल्या. "मंग म्हनान, सासूनं आनलं." शेजाऱ्यांना काही कळलं नाही, तरी ते हसले. धर्मेंद्र बाहेर पाणी आणायला गेला. धुरपतानं पिशवीतली झबली एकेक काढली, घडी केली आणि परत ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात धुरपता सिहोऱ्याला परत आली. एकटीच आली, विमानानंच. हैदराबादच्या विमानतळावर रुचिकानं तिला दारापर्यंत सोडलं. पावशी मोठ्या बॅगेत होती. तपासणीच्या रांगेत धुरपताचा नंबर यायला अजून चार माणसं होती, तेव्हाच तिनं पिशवीचं तोंड सोडलं आणि लुगडं, डबा, औषधाची पुडी बाहेर काढून हातावर धरली. रांग अडली. तपासणारी मुलगी म्हणाली, "अम्मा, अंदर रख दीजिए। मशीन देख लेगी।"

धुरपतानं सामान आत ठेवलं. पिशवीचं तोंड बांधलं नाही.