मावशीची आठवी जागा

आज सकाळी मावशी पाठ फिरवून निघाली. तिला अडवणं तर सोडाच, तिच्यामागे एक पाऊल टाकायचीही मला बंदी आहे. कारण तसा कायदा आहे, आणि कायदा सांभाळणारा चौकीदार मीच. घ्या!

आम्ही रानमांजरं. माणसांनी सोडून दिलेल्या लाकडाच्या वखारीत आमच्या तीन पिढ्या गेल्या. करवतीच्या खोलीत पिल्लं आणि त्यांच्या आया, भुशाच्या ढिगावर म्हातारे, फळ्यांच्या थप्प्यांवर तरणे बोके, आणि फाटकाशी मी. आम्हाला वाघाची मावशी म्हणतात, पण वाघ एकदाही भाच्यासारखा चौकशीला आलेला नाही. तेव्हा आमचं आम्हालाच बघावं लागतं, आणि त्यासाठी कायदे लागतात. शिकार आधी पिल्लांच्या तोंडी जाणार. पाण्याच्या हौदाशी भांडण करायचं नाही. आणि सगळ्यांत जुना कायदा असा, की दुखणं घेऊन जो पाठ फिरवून एकटा निघाला, त्याच्यामागे कुणी जायचं नाही. आमची जातच मानी. कण्हताना कुणी पाहिलं, तर दुखण्यापेक्षा ते जास्त लागतं.

मावशी आमची वैदीण. सगळेच तिला मावशी म्हणतात, पण माझी ती सख्खी. आई गेल्यावर मला हिनेच चाटूनपुसून वाढवलं. वखारीच्या जुन्या ऑफिसात एक टेबल आहे, त्याचे तीन ड्रॉवर उघडेच राहिलेत. वरच्यात हरळी, मधल्यात दगडीपाला, खालच्यात खोकलीची मुळं, आणि त्या मुळांवर मावशी स्वतः बसलेली. कारण त्या मुळाचा वास आला की शहाणीसुरती मांजरंही भान विसरून लोळायला लागतात. घशात काटा अडकला तर हरळी खायला घालून ओकवायचं. जखम असली तर दगडीपाला चावून लावायचा. आणि कुणी फारच नखरे केले की खोकलीचं मूळ नाकाशी धरायचं. लोळण संपेपर्यंत हिचं काम उरकलेलं असतं. औषध कडू असतं म्हणतात, पण मावशीच्या जिभेपुढे ते गोड लागतं.

"मरायला कुठले निघालेत मेले," ती म्हणायची. "निम्मे नुसते लाजून निघतात! पायात कुसळ असतं, आणि चालले जगाचा निरोप घ्यायला."

पण करणार काय? मागे जायचं नाही म्हणजे नाही. मग तिने एक युक्ती काढली. कोण कितव्या दिवशी पाठ फिरवणार, हे तिला आधीच कळायचं. ज्याने दोन दिवस पाठ चाटली नाही, ज्याने खांबावर नखं घासली नाहीत, तो गेलाच समजा. शिवाय निघणारा आधी आपल्या रोजच्या जागांना अंग घासून येतो, तीही रीतच आहे. तेवढ्या वेळात मावशी तो जिथे दडायला जाईल तिथे आधीच जाऊन बसायची.

पहिल्यांदा तिने कानतुट्या आजोबांना असं परत आणलं. दाढेत हाडाचा तुकडा रुतलेला, बाकी म्हातारा ठणठणीत. मी भडकलो. माझ्या नाकावर राग, जगजाहीर आहे. मी मावशीला सरळ म्हाताऱ्यांच्या बैठकीपुढे उभं केलं. सख्खी असली म्हणून काय झालं, कायदा म्हणजे कायदा.

"मावशी, तू आजोबांच्या मागे गेलीस," मी म्हणालो.

"मागे? मी तर दुपारपासून तिथेच बसले होते. हेच आले माझ्यामागे. त्यांनाच विचार ना, बाईमाणसाच्या मागे मागे कशाला येतात ते!"

भुशाच्या ढिगावरचे सगळे म्हातारे पोट धरून हसले. आजोबा तर इतके लाजले की तुटका कानसुद्धा लाल झाला. कायद्यात मागे जाऊ नये असं आहे, आधी जाऊन बसू नये असं कुठेच नाही. खटला निकालात निघाला, आणि मी तोंडावर आपटलो.

एवढ्यावर मी गप्प बसतोय होय? कधीतरी ती खरंच कुणाच्या मागे जाईल आणि मी रंगेहाथ पकडीन, म्हणून मी तिच्यावर पाळत ठेवली. ती कुठे कुठे जाऊन बसते, ते सगळं मी डोक्यात ठेवलं. फाटक्या ताडपत्रीखाली. तुटलेल्या गाड्याच्या पेटीत. थप्पीमागच्या बोळात. अशा सात जागा. पिल्लं मला कायदेकाका म्हणून चिडवायची, चिडवू देत.

आणि मग एक दिवस माझी लेक पाठ फिरवून निघाली. फाटकापाशी, माझ्या डोळ्यांसमोरून. तिने मागे वळून पाहिलं नाही आणि मी जागचा हललो नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी त्या कायद्याचा मला इतका राग आला की मी फाटकाचं लाकूड नखांनी सोलून काढलं. तिसऱ्या दिवशी लेक परत आली, पायाला पाला लावलेला, आणि मावशीशी भांडत भांडत. मी मावशीच्या पायाशी डोकं घासलं. ती म्हणाली, "बाजूला हो, भूक लागली आहे."

लेकीने नंतर मला सांगितलं की मावशी आधी एकच विचारते: जाऊ का राहू? जा म्हटलं तर ती उठते आणि खरंच निघून जाते, रागावत नाही. काहींनी जा म्हटलंही आहे. त्यांच्याबद्दल तिने आम्हाला कधी चकार शब्द सांगितला नाही.

आता आजचं. मावशीच्या मानेमागे गळू झालंय. मला चार दिवसांपासून दिसतंय. स्वतःची जीभ जिथे पोहोचत नाही, नेमकं तिथेच. दुसरं कुणी असतं तर हिने फोडून, चाटून, पाला लावून केव्हाच मोकळं केलं असतं. पण स्वतःहून कुणापुढे मान वाकवायची म्हणजे! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी विचारलं तर म्हणाली, "तू तुझं फाटक सांभाळ." आणि आज हौदाला अंग घासून पाठ फिरवली.

मी फाटकात उभा राहून विचार करत होतो. ती कुठे जाणार? त्या सात जागांवर जाणार नाही, त्या तिने इतरांसाठी वापरल्या. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढी वर्षं मी पाळत ठेवली, पण बॉयलरच्या खोलीत मी तिला एकदाही बसलेलं पाहिलं नाही. वखारीतली सगळ्यांत उबदार, सगळ्यांत शांत जागा, आणि वैदिणीला ती सुचली नाही? सुचली होती, पण तिने ती स्वतःसाठी ठेवली होती.

मावशीला अजून ऑफिसातल्या ड्रॉवरांना अंग घासायचं होतं, आणि तिची चाल आज मंद होती. मी आधी मधल्या ड्रॉवरातून पाल्याचा तोबरा भरला. मग थप्प्यांवरून उडी, पत्र्यावरून धाव, धुरांड्याच्या फटीतून आत. फाटक उघडं टाकलं. चौकीदारी गेली खड्ड्यात!

बॉयलरच्या तोंडात वाळक्या गवताचं अंथरूण होतं. जुनं, नीट दाबून केलेलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि पाला चावत राहिलो.

ती आली. अंधारात तिचे डोळे चमकले आणि थबकले.

"मागे आलास?"

"नाही मावशी. मी आधीपासून बसलोय. तूच आलीस माझ्यामागे."

ती हसली नाही. मान एका बाजूला कलली होती, श्वास जड होता. पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता. ती जा म्हणाली असती तर मला उठावं लागलं असतं, आणि मी उठलो असतो. म्हणूनच तो विचारणं भाग होतं.

"जाऊ का राहू?"

बाहेर कुठेतरी पिल्लं भांडत होती. मग मावशी अंथरुणावर येऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. आणि हळूहळू तिने मान खाली घातली.

"पाला चावलास किती! पाणी केलंस त्याचं," ती म्हणाली. "आधी चाट. मग लाव. आणि हात हलका ठेव, मी काही तुझं फाटक नाही."